नवी डिस्क जोडल्यापासून लिनक्स वर्कस्टेशन थेट इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीसाठीच्या कमांड लाइनवर) का जातं?

एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) डेटा डिस्कची ओळ 'एसडीबी१' अशा नावाने लिहिलेली असेल, तर बहुधा तेच कारण आहे. ही नावं कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्यानुसार पडतात. नवी डिस्क आली की क्रम बदलतो आणि त्या नावावर भलतंच पार्टिशन (डिस्कचा भाग) येतं. माउंट, म्हणजे पार्टिशन ठरलेल्या फोल्डरला जोडणं, फसलं की सिस्टिमडी (बूट सांभाळणारा प्रोग्रॅम) पुढचं बूट थांबवून इमर्जन्सी मोडमध्ये नेतं. (डिव्हाइस मुळात सापडतच नसेल, तर आधी ९० सेकंद वाट पाहतं.) 'जर्नलसीटीएल -एक्सबी' ही बूटच्या नोंदी दाखवणारी कमांड चालवून नेमकं कोणतं माउंट फसलं ते आधी बघा. रूट (मुख्य सिस्टिम असलेलं पार्टिशन) फक्त वाचण्यापुरतं माउंट झालं असेल तर ते लिहिण्यायोग्य करून घ्या, मग 'बीएलकेआयडी' कमांडने मिळालेला यूयूआयडी (पार्टिशनचा न बदलणारा ओळख क्रमांक) एफएसटॅबमधल्या नावाच्या जागी लिहा आणि त्याच ओळीच्या ऑप्शन्समध्ये 'नोफेल' जोडा. सिस्टिमडीच्या मॅन पेजनुसार (अधिकृत माहितीपानानुसार) नोफेल असलेलं माउंट बूटसाठी अनिवार्य राहत नाही. रीबूटआधी एफएसटॅब तपासणारी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' कमांड जरूर चालवा, टायपिंगच्या चुका तिथेच सापडतात.

मात्र नोफेल सरसकट लावू नका. डिस्क माउंट झाली नाही तरी मशीन निमूट सुरू होतं, आणि बॅकअपसारखे प्रोग्रॅम त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे रूट डिस्कवरच, लिहीत बसतात.