वाचक विचारतात : ठकीची आंघोळ

या महिन्यात लेकरांच्या लाडक्या खेळण्यांच्या धुण्यावरच इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका.

प्रश्न : ताई नमस्कार, मी दर्यापूर तालुक्यातली. माह्या पोरीले अडीच वर्षं झाले. माह्या आईनं जुन्या लुगड्याची बाहुली शिवून देल्ली होती, आत घरचाच कापूस भरला, पोरगी तिले ठकी म्हणते. जेवताना ठकी, झोपताना ठकी, ठकीचा पाय तोंडात घेतल्याशिवाय डोळाच लागत नाही. आता तो पाय काळाभोर झाला अन् वास तर असा येते का विचारू नका. मांगच्या महिन्यात मी गुपचूप धुतली तर दोन दिवस वाळलीच नाही, पोरगी रात्रभर रडली, अन् वाळल्यावर हुंगली अन् फेकून देल्ली, म्हणे हे ठकी नाही. सासूबाई म्हणतात एवढ्या मोठ्या पोरीले चिंधी कायले पायजे, टाक उकिरड्यावर. त्यात आमच्या बोअरचं पाणी खारं, साबणाचा फेसच येत नाही. काय करू?

उत्तर : आधी सासूबाईंचं बघू, कारण ते मिटलं नाही तर धुवायला ठकी उरणारच नाही. अडीच वर्षांच्या लेकराला अशी एखादी वस्तू लागणं म्हणजे लाडावलेपण नाही. डोनाल्ड विनिकॉट म्हणून इंग्लंडचे लहान मुलांचे डॉक्टर होते, मनोविश्लेषणाचंही काम करायचे, त्यांनी १९५१ मध्ये यावरच निबंध वाचला होता. आई जवळ नसताना आईचा आधार वाटावा म्हणून लेकरू पांघरुणाचा कोपरा, चिंधी, बाहुली असं काहीतरी धरून ठेवतं असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात त्यांनी हेही लिहिलंय की ती वस्तू मळली, वास मारायला लागली तरी आई राहू देते, कारण धुतली की लेकराच्या लेखी काहीतरी मधेच तुटतं. म्हणजे तुमची पोरगी हुंगून हे ठकी नाही म्हणाली ते नखरे नव्हते बरं का, वास गेला म्हणजे तिच्या हिशोबानं ठकीच गेली. शाळेच्या वयापर्यंत बहुतेक मुलं आपोआप सोडतात, तेवढं सासूबाईंना सांगा. आणि लुगडं विहिणीचं आहे म्हणून नाक मुरडत असतील तर ठकीचं पांघरूण त्यांच्या लुगड्याचं शिवायला सांगा, बघा कशा नरमतात ते.

आता धुण्याचं. लेकराच्याच लाळेनं आणि अंगणातल्या मातीनं मळलेली बाहुली दिसते तेवढी धोक्याची नसते, खरा धोका ओलीचा. लाळ, सांडलेलं दूध आणि आतला न वाळलेला कापूस एकत्र आले की बुरशी धरते, तो जो कुबट वास येतो ना तो त्याचाच. तुमची ठकी दोन दिवस वाळली नाही तेव्हा बाहेरून कोरडी लागली तरी आत ओल राहिली असणार. म्हणून कापसाची बाहुली सगळीच्या सगळी बादलीत बुडवायचीच नाही. पाठीची शिवण चार बोटं उसवा, कापूस काढा, नुसती खोळ धुवा. काढलेला कापूस पिवळा पडला असेल किंवा त्यावर काळे ठिपके असतील तर फेकून द्या, तुमच्याकडे कापसाला काय तोटा आहे, फक्त सरकी नीट काढून घ्या, नाहीतर एखादी सरकी शिवणीतून निघून तोंडात जायची. कापूस चांगला असेल तर पिंजून, कडक ऊन दाखवून थोडा जुना थोडा नवा असा भरा, तिला जुना वासही थोडा मिळतो.

खारपाणपट्ट्यात साबणाची वडी घासून उपयोग नाही. पाण्यातले क्षार साबणाशी मिळून चिकट पांढरा थर बनवतात आणि तो धाग्यात बसतो, कापड ताठ होतं आणि तेच कापड पोरगी रोज चोखते. त्यापेक्षा साधी कपड्याची पावडर चमचाभर घ्या, जड पाण्यात ती साबणापेक्षा बरं काम करते, आणि शेवटचे दोन खंगाळ नळाच्या गोड्या पाण्यात काढा. पावसाळ्यात पत्र्यावरून येणारं पाणीही चालतं, फक्त पहिल्या सरीचं सोडून द्यायचं. जुन्या लुगड्याचा रंग जाईल अशी धास्ती असेल तर रिठे रात्री भिजवून सकाळी कुस्करून गाळून घ्या, छान निघतं, पण ते पाणी पोरीच्या डोळ्यात जाऊ देऊ नका, भयंकर झोंबतं. जंतुनाशकाचं झाकण ओतायची काही गरज नाही, ब्लीचिंग तर अजिबात नको, आणि खास वासाचं ते कपडे मऊ करायचं औषधही नको कारण वास बदलला की पुन्हा रात्रभर रडारड.

गुपचूप धुवू नका. सकाळी ती उठली, चहा-बिस्किट झालं की तिलाच म्हणा चल ठकीची आंघोळ करू, तिच्या हातात गंज द्या, तिलाच पाणी टाकू द्या, अर्धं अंगण ओलं होईल, होऊ द्या. मग खोळ तिच्या डोळ्यांसमोर दोरीवर टाका म्हणजे ठकी कुठं आहे ते तिला दिसत राहतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हात नुसती खोळ तासाभरात कडकडीत होते, श्रावणात मात्र ढग बघूनच हात घाला, नाहीतर ओल्या फडक्यानं फक्त तो पाय पुसून घ्या आणि उघाड पडायची वाट बघा. चुलीवर धरून वाळवायचा शॉर्टकट नको, धूर बसतो आणि कापूस पेट घ्यायला वेळ लागत नाही. आणि कुंपणाच्या झुडपावर, गवतावर तर काहीच वाळत घालू नका, २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसचे बरेच पेशंट निघाले होते, तो ताप पसरवणारे बारके किडे गवत-झुडपातच असतात. दोरी किंवा बाज बरी.

आणि आईला सांगा, त्याच लुगड्याचा तुकडा उरला असेल तर दुसरी ठकी आत्ताच शिवायला घे. नवीन आहे म्हणून पोरगी आधी बघणार नाही, तुम्ही ती पोरीच्या उशाशी ठेवा, दोघींना आलटून पालटून झोपवा, महिन्याभरात दोघींना सारखाच वास लागतो. हे पहिली फाटायच्या आत करायला पाहिजे, नंतर काही उपयोग नाही.

प्रश्न : आर्णी तालुक्यातून लिहितेय. मुलगा दीड वर्षाचा, जत्रेतून आणलेलं झुबक्या केसांचं अस्वल त्याला सोडवत नाही. त्याला सारखा खोकला असतो, शेजारची म्हणते अस्वलामुळेच. आमच्याकडे सेमी ऑटोमॅटिक मशीन आहे, त्यात इतर कपड्यांसोबत टाकलं तर चालेल का? मालक फवारणीला जातात त्यांचे कपडे पण त्यातच असतात.

उत्तर : थांबा, तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी दोनदा वाचली. फवारणीचे कपडे आणि लेकराचं काहीही, अस्वल असो की लंगोट, एका टबात नको, एका बादलीत नको, एका दोरीवर शेजारी पण नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्याच भागातलं आहे. ते औषध कातडीतून सुद्धा अंगात जातं आणि तुमचा मुलगा तर अस्वल तोंडात घालतो. मालकांचे कपडे घरात न आणता बाहेरच वेगळ्या टोपल्यात काढायला लावा, हातात मोजे घालून वेगळे धुवा, मशीनमध्ये टाकायचेच नाहीत. मालकांनाही सांगा, शेतातून आल्यावर आंघोळ झाल्याशिवाय पोराला आणि अस्वलाला उचलायचं नाही. औषधाचा रिकामा डबा धुवून त्यात पाणी भरायची सवय बऱ्याच घरी आहे, तुमच्याकडे असेल तर आजच बंद करा.

खोकला अस्वलामुळेच असं शेजारणीच्या सांगण्यावरून ठरवू नका, डॉक्टरला दाखवा. घरात चूल असेल, उदबत्ती, मच्छर कॉइल लागत असेल तर त्याचंही बघायला पाहिजे. पण झुबक्या केसांत धूळ बसते आणि धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे राहतात हे खरं, आणि काही लेकरांना त्याचा त्रास होतो. ते किडे ६० अंशाच्या पाण्यात मरतात, पण एवढ्या गरम पाण्यात जत्रेतल्या अस्वलाचे केस चरचरीत होतात आणि डिंकानं चिकटवलेले डोळे निघतात. म्हणून दुसरा मार्ग, पॉलिथिनमध्ये घट्ट बांधून डीप फ्रिजरमध्ये एक पूर्ण दिवस-रात्र ठेवायचं आणि मग कोमट पाण्यात धुवायचं. थंडीनं किडे मरतात पण त्यांची घाण राहते, ती पाण्यानंच निघते, म्हणून धुणं टळत नाही. सिंगल डोअर फ्रिजच्या त्या छोट्या बर्फाच्या कप्प्यावर आणि आपल्या लाईनवर फार भरवसा नको. गावात आइस्क्रीमच्या दुकानात डीप फ्रिजर असेल तर बघा, हसतील थोडे, हसू द्या.

मशीनमध्ये टाकताना अस्वल उशीच्या खोळीत घालून तोंड बांधा. स्पिनरमध्ये पण खोळीसकटच, हातानं पिळायचं नाही, हातानं पिळलं की आतलं भरण एका पायात जमा होतं आणि अस्वल लंगडं दिसतं. वाळल्यावर हातानं झटकून केस मोकळे करा. आणि धुण्याआधी डोळे ओढून बघा, हलत असतील तर कापून टाका आणि काळ्या दोऱ्यानं भरतकाम करून द्या, दीड वर्षाचं पोर मणी गिळायला एक क्षण लागतो. पोट दाबलं की गाणं वाजणारं अस्वल असेल तर आतली पेटी काढल्याशिवाय पाण्यात घालू नका. त्यातले बटणाएवढे सेल तर कुठंही उघडे पडू देऊ नका, असा सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. तसा नुसता संशय आला तरी घरी उपाय करत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात.

प्रश्न : मी आजोबा आहे, हिंगणघाटकडचा. नातू दोन वर्षांचा. त्याचे खेळणे म्हणजे तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी, माझ्या मुलाच्या लहानपणीचा. रात्री कुशीत घेऊन झोपतो आणि शिंगे चावतो. सूनबाई रोज गरम पाण्यात बुडवून ठेवते, आता लाकूड तडकू लागले. बरोबर आहे का?

उत्तर : आजोबा, सूनबाईंचा हेतू चांगला आहे पण लाकूड बुडवायचं नसतं, फुगतं आणि मग वाळताना चिरतं, त्या चिरेत उलट घाण बसते. घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यानं पुसायचं, लगेच कोरड्यानं, आणि सावलीत ठेवायचं, बस. मला काळजी वेगळीच वाटतेय, ती त्या रंगाची. मुलाच्या लहानपणीचा नंदी म्हणजे रंग जुना. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको असा नियम लागू झाला तोच नोव्हेंबर २०१७ पासून, त्याआधीच्या ऑइलपेंटचा काही नेम नाही. शिसं लहान लेकराच्या मेंदूला वाईट, आणि नातू नेमकी शिंगं चावतो. तेव्हा हा नंदी आता देवळीत, उंचावर. घरी बसून घासून रंग काढायला जाऊ नका, ती भुकटी तर आणखी वाईट.

गावच्या सुताराकडून तसाच बिनरंगाचा सागवानी नंदी करून घ्या, कोपरे गोल, शिंगं जाड आणि बोथट, चाकांचे खिळे बाहेर आलेले नकोत. वरून घाण्याचं जवसाचं तेल अगदी पातळ हातानं लावून आठवडाभर वाळू द्या. त्या तेलाचं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा, जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दुकानातून घेणार असाल तर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क लागतो, नोंदणी असलेल्या हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून सुताराच्या नंदीवर मार्क नसला तरी घाबरू नका, रंग कोणता लावला एवढं विचारा. नातू नवा नंदी लगेच घेणार नाही. जुना दिवसा समोर दिसत राहू द्या, हातात नवा द्या, थोडे दिवस कटकट सहन करावी लागेल, तुम्ही आजोबा आहात, तुम्हाला जमेल.

प्रश्न : घरात सगळ्यांनाच खरूज झालीय. मुलीचं कापडी हरीण फेकून द्यावं का?

उत्तर : नाही हो, कशाला. खरजेचा किडा माणसाच्या कातडीशिवाय दोन-तीन दिवसांच्या वर जगत नाही. हरीण सुती असेल आणि उकळत्या पाण्याला घाबरत नसेल तर सकाळी कडक गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून धुवा, उन्हात वाळवा, रात्री मुलीला परत. गरम पाणी सोसणारं नसेल तर पॉलिथिनमध्ये घट्ट बांधून पूर्ण तीन दिवस ठेवा, जास्त ठेवलं तरी चालतं, तोवर तुमची धुतलेली ओढणी तिला कुशीत द्या. मात्र औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, खाज नाही त्यानंही, आणि पांघरुणं, टॉवेल, अंगावरचे कपडे त्याच दिवशी गरम पाण्यात काढायचे, नाहीतर हरीण स्वच्छ आणि खरूज तिथंच. औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून घ्या, दुकानातून ट्यूब आणून लावू नका, काही ट्यूबनी खाज तेवढी दबते आणि किडा पसरतच राहतो.