मुलीच्या फीची एफडी आणि युगांडातली शाळा

वडगाव शेरीहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४७, एका बिल्डरकडे साइट सुपरवायझर, हातात पगार ६२,०००. पत्नी नर्स, त्यांना ३४,०००. घराचा हप्ता २१,५००. मुलगी बारावीला, पुढे इंजिनिअरिंग म्हणतेय. यांच्या चर्चच्या मंडळीच्या ओळखीचं एक मिशन उत्तर युगांडात शाळेच्या खोल्या आणि वसतिगृह बांधतंय. जानेवारी ते मार्च बिनपगारी रजा टाकून तिथे सेवा द्यायची, वर बांधकामाला एक लाख द्यायचे, असं यांनी मनाशी धरलंय. राहणं-जेवण मिशनकडे, बाकी सगळं स्वतःचं. पैसे साडेचार लाखांच्या एफडीतून. शेवटी लिहितात, ‘देवाच्या कामाला हिशेब लावू नये हे कळतं, तरी विचारतो. मेहुणे म्हणतात डोकं फिरलंय.’

डोकं ठिकाणावर आहे, हिशेब मात्र अर्धाच झालाय.

तिकीट, व्हिसा, लस, गोळ्या, विमा आणि वरखर्च मिळून तुम्ही १,२०,००० धरलेत. ठीक आहे. पण तीन महिन्यांचा बुडणारा पगार, १,८६,०००, तुमच्या कागदावर कुठेच दिसत नाही. खर्च, पगार आणि देणगी यांची बेरीज ४,०६,००० होते. म्हणजे एफडी जवळजवळ संपली. ती मोडली नाही, तर घर वहिनींच्या ३४,००० वर चालवावं लागेल, आणि हप्ता गेल्यावर त्यातले उरतात १२,५००. पुण्यात तेवढ्यात दोन माणसांचं किराणा-वीज-गॅस-क्लास बसत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ही एफडी मे महिन्यात पिकते. आधी मोडली तर बँक सहसा व्याजात अर्धा-एक टक्का कापते, त्याचं मला फार वाटत नाही. प्रवेशाच्या वेळी कॉलेज फी मागेल तेव्हा हातात काही नसेल आणि तुम्ही पर्सनल लोन काढाल, हे मला दिसतंय. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, पाठोपाठ सीईटी. त्या दिवसांत बाप घरी असण्याची किंमत मी काढू शकत नाही, पण शून्य खासच नाही.

आषाढीच्या वारीला निघणारा शेतकरी पेरणी उरकायला बघतो. तुमची पेरणी अजून व्हायची आहे.

म्हणून या वर्षी नको, पुढच्या डिसेंबरात जा, आणि तीन महिन्यांऐवजी पाच आठवडे जा. तिकडे पाऊस साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. डिसेंबर ते मार्च कोरडं आणि कडक ऊन, म्हणून बांधकाम याच दिवसांत जोरात असतं. वर्षभराने तुमचा हंगाम हुकत नाही. तुमची २४ दिवसांची हक्काची रजा शिल्लक आहे, ती जपून ठेवलीत तर बिनपगारी आठवडा जेमतेम एक. पंधरा हजारांच्या आत सुटाल. खर्चासाठी दरमहा १०,००० ची आरडी लावा. बारा महिन्यांत १,२०,००० आणि वर थोडं व्याज. एफडीला हात लागत नाही.

पाच आठवड्यांत काय होणार, असं वाटेल. तिथे विटा उचलायला माणसं आहेत, आणि त्यांना त्या रोजाची गरज आहे. बिगारीचं काम करायला पुण्याहून विमानाने जाणं म्हणजे एका स्थानिक माणसाची मजुरी आपण खाणं. तुमच्याकडे वेगळी गोष्ट आहे: सेंटरिंगला (स्लॅबखालच्या साच्याला) टेकू नीट लागलेत का हे बघणारी नजर, आणि स्लॅबवर पाणी मारणं चालू ठेवण्याचा हट्ट. पस्तीस अंशांच्या उन्हात काँक्रीट लवकर कोरडं पडतं. सात-दहा दिवस ओलं ठेवलं नाही तर तडे. (आमच्या धानोरीच्या घराच्या स्लॅबवर तिसऱ्याच दिवशी पाणी बंद झालं. दर पावसाळ्यात छताखाली बादल्या मांडतो, म्हणून एवढं लिहितोय.) तेव्हा मिशनला विचारा, स्लॅब किंवा छत कधी, आणि तेच आठवडे धरा.

विम्याबद्दल सावध राहा. इथली मेडिक्लेम बहुधा परदेशात चालत नाही. प्रवास विमा घ्याल, पण अनेक पॉलिसींत अंगमेहनतीचं आणि उंचीवरचं काम वगळलेलं असतं. परांचीवरून पाय घसरला तर दावा फेटाळला जाईल. कंपनीला ‘बांधकामावर देखरेख करणार आहे’ असं स्पष्ट लिहा आणि उत्तर लेखी घ्या. व्हिसाचंही तसंच: टुरिस्ट व्हिसावर ही सेवा चालते का, हे मिशनने लिहून द्यावं. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. तो दाखला युगांडात शिरताना लागतो आणि परतताना आपल्याकडेही. दाखला नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

आता ते एक लाख. परदेशातल्या संस्थेला थेट पाठवलेल्या देणगीवर ८०जीची, म्हणजे देणगीसाठीची आयकरातली, वजावट नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर इथल्या देणगीवरही नाही. बँकेतून रीतसर पाठवता येतात, एवढ्या रकमेवर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर) लागत नाही. पण एकरकमी कशाला? पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवांसाठीची शाळा, १८८९ मध्ये मुंबईत उघडलं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं. त्यामागे बोस्टनच्या मंडळाने दहा वर्षं पैसे पुरवण्याचं दिलेलं वचन होतं. संस्था अशा ठरलेल्या पैशावर बेत आखते. तुमचा दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा, चालू असेलच. त्याखेरीज दरमहा २,००० बाजूला काढा आणि सहा महिन्यांनी एकदम पाठवा, म्हणजे बँकेचे चार्जेस वाचतील. चार वर्षांत ९६,००० होतात. पाळकांना एक लाखाचा शब्द आधीच दिला असेल, तर हा बेत त्यांना मोकळेपणाने सांगा.

पुढच्या वर्षी मुलीची फी अंदाजापेक्षा जास्त निघाली तर आरडी त्यात जाईल आणि जाणं आणखी एक वर्ष लांबेल. हे आत्ताच वहिनींशी बोलून घ्या. मेहुण्यांना नंतर सांगितलंत तरी चालेल.