सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत 'देवाने सृष्टी निर्माण केली' हे शिकवायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि ती मी देव मानत नाही म्हणून नाही. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती येतो, सासूबाई चातुर्मास पाळतात, मी पण जमेल तेव्हा मंगळवारी सिद्धिविनायकाला जाते. पण मी मुंबईतल्या एका अनुदानित मराठी शाळेत नववी-दहावीला सायन्स शिकवते, माझा पगार सरकारच्या तिजोरीतून येतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी रोजच्या पिरियडचा आहे.

तुम्ही म्हणता की केंद्राची पाठ्यपुस्तकं बनवणाऱ्या एनसीईआरटीने दहावीतून डार्विन, म्हणजे त्याचा उत्क्रांतीचा सिद्धांत, काढला तरी कुणाचं काही अडलं नाही, बहुतेक पालक आस्तिक आहेत, मग पुस्तकात उत्क्रांतीसोबत देवाने सृष्टी निर्माण केली हे पण घाला, दोन्ही बाजू मुलांसमोर ठेवा, मुलं ठरवतील. आणि शेवटी विचारलंय की पुतणीच्या कॉन्व्हेंटमध्ये बायबलचा पिरियड असतो तो कसा काय चालतो. त्याचं शेवटी सांगते.

आधी मला सांगा, कोणत्या देवाने? मुंबईतल्या कुठल्याही मराठी शाळेचा हजेरीपट काढून बघा. कोकणातली मुलं आहेत, घाटावरची आहेत, वसईकडची ख्रिश्चन मुलं आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, सांगली-कोल्हापूरकडून आलेली जैन कुटुंबं आहेत. जैन धर्मात सृष्टी निर्माण करणारा देव हा प्रकारच नाही, विश्व अनादि-अनंत आहे, कोणी बनवलेलं नाही. बौद्ध धम्मात पण निर्माता ईश्वर नाही. म्हणजे मी फळ्यावर 'सृष्टी देवाने निर्माण केली' एवढं एक वाक्य लिहिलं की समोरच्या दोन-चार मुलांना सरकारच्या पगारावर सांगून मोकळी झाले की तुमच्या घरी शिकवतात ते चूक आहे. बरं, हिंदूंचं तरी एकच म्हणणं आहे का? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त तर सरळ विचारतं की ही सृष्टी कुठून आली हे कोणाला माहीत आहे, देव तर नंतरचे, आणि जो वर बसून बघतोय त्याला तरी माहीत असेल की नाही कोण जाणे. इतका मोकळा प्रश्न आपल्याच परंपरेत आहे आणि आपण त्याचं पाठांतराचं उत्तर करून चौथीतल्या पोराच्या हातात देणार?

आणि हे 'मुलं ठरवतील' मला अजिबात पटत नाही. माझ्या हातात मार्क असतात हो. मी जे पुस्तकातून शिकवते ते मूल ठरवत नाही, ते लिहून आणतं, कारण नाही लिहिलं तर मार्क जातात. तुमची श्रद्धा तुमच्या आजीने तुम्हाला मांडीवर बसवून दिली असेल, ती तीन मार्कांच्या प्रश्नात कोंबायची म्हणजे श्रद्धेचं पण नुकसान आहे, मला तर त्याचंच जास्त वाईट वाटतं.

बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. मी तो शिकवते तेव्हा आधी पुस्तक बंद करायला लावते. मुलांना सांगते हात बाकावर ठेवा, तळवा वर, अंगठा आणि करंगळी जुळवा आणि मनगट जरा आत वाकवा. बऱ्याच जणांच्या मनगटावर मधोमध एक दोरी वर येते, काहींच्या येतच नाही, काहींच्या एकाच हातावर येते. वर्गात नुसता गोंधळ, सगळे एकमेकांचे हात बघत सुटतात. तो एका स्नायूचा टेंडन आहे, ज्यांना तो नाही त्यांची पकड काही कमी नसते. मग माकडहाड, अक्कलदाढ, आंत्रपुच्छ (अपेंडिक्स), ही पुस्तकातली अवशेषांगं, म्हणजे पूर्वजांकडून उरलेले, आता फारसं काम नसलेले अवयव, त्यांना स्वतःच्या अंगावरच सापडायला लागतात. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, मग देवाने नाही का बनवलं आपल्याला?" मी सांगते, देव आहे की नाही हे हा पाठ सांगत नाही, या पिरियडला आपण फक्त तेवढंच बोलायचं जे तपासून बघता येतं, बाकीचं घरी आईबाबांना विचार, मंदिरात जा, मशिदीत जा, चर्चमध्ये जा. पोरं हे ऐकून बिथरत नाहीत, उलट शांत होतात, कारण त्यांना कोणाची बाजू घ्यावी लागत नाही.

कुणाचं काही अडलं नाही म्हणता, तर मुंबईत राहून टीबीचं बघा. आपल्या शहरात औषधाला दाद न देणारा टीबी किती आहे हे वस्तीतल्या कोणत्याही आरोग्यसेविकेला विचारा. होतं काय, की शरीरातल्या कोट्यवधी जंतूंपैकी काहींमध्ये आपोआप असा बदल झालेला असतो की एखादं औषध त्यांच्यावर चालत नाही, पेशंटला दोन महिन्यात बरं वाटायला लागतं, तो गोळ्या सोडतो, कमजोर जंतू तोपर्यंत मेलेले असतात आणि तगडे मागे राहून वाढतात, मग तेच घरातल्या लहान मुलाला लागतात. ही नैसर्गिक निवडच आहे, डार्विनने सांगितली तीच. ज्या मुलाला हे दहावीत कळलं ते घरी जाऊन काकाला म्हणू शकतं की कोर्स पुरा कर. एनसीईआरटीने 2022-23 च्या सुमारास ओझं कमी करायच्या नावाखाली दहावीतून उत्क्रांती काढली, बारावीच्या बायोलॉजीत ठेवली, पण किती मुलं बारावीला बायोलॉजी घेतात? कॉमर्सला गेलेलं, आयटीआयला गेलेलं मूल हे कधीच शिकणार नाही. एप्रिल 2023 मध्ये 1800 हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून याला विरोध केला तो काही उगाच नाही.

आणखी एक, दशावतार म्हणजेच डार्विन, आधी मासा मग कासव मग वराह, हे व्हॉट्सअपवर फिरत असतं आणि स्टाफरूममध्ये पण ऐकू येतं. आवडायला छान आहे पण सायन्स म्हणून टिकत नाही. कासवापासून डुक्कर झालं नाही, सरपटणाऱ्यांची आणि सस्तन प्राण्यांची फांदी तीस कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. माणूस आजच्या माकडापासून झाला असंही डार्विन म्हणत नाही, चिंपांझी आणि आपण एका समान पूर्वजाचे. आणि अवतार देव घेतो ते भक्तासाठी, धर्मासाठी, ते जीवशास्त्र शिकवायला घेत नाही. सत्यपाल सिंह, आपल्याच मुंबईचे माजी पोलीस कमिशनर, ते केंद्रात राज्यमंत्री असताना जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला म्हणाले की माकडाचा माणूस होताना कोणी बघितलं नाही, सबब डार्विन चूक. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून सांगितलं की याला काही आधार नाही.

बाहेरच्या देशातही हे झालंय. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात डोव्हर गावच्या स्कूल बोर्डाने सृष्टीमागे बुद्धिमान रचनाकार आहे हे बायोलॉजीच्या तासाला आणायचा प्रयत्न केला, अकरा पालक कोर्टात गेले, आणि 2005 च्या डिसेंबरमध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी, ज्यांना तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनीच नेमलं होतं, हे विज्ञान नाही, धर्म आहे असा निकाल दिला. कोर्टाच्या खर्चापोटी शाळेला दहा लाख डॉलर भरावे लागले, ते मुलांचेच पैसे. इंग्लंडमध्ये तर सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांपैकी साधारण एक तृतीयांश धार्मिक संस्थांच्या आहेत, तरी तिथल्या सरकारने 2014 मध्ये अकादमी आणि फ्री स्कूल प्रकारच्या, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या सगळ्या शाळांना स्पष्ट केलं की सृष्टीनिर्मितीची कथा वैज्ञानिक सिद्धांत म्हणून शिकवायची नाही, धर्माच्या तासाला खुशाल सांगा.

मला पण तेच बरोबर वाटतं. मुलांना धर्माबद्दल काहीच सांगू नका असं मी कधीच म्हणणार नाही. ज्ञानेश्वर-तुकाराम वगळून मराठी शिकवता येईल का? रोजा का ठेवतात, पर्युषण म्हणजे काय, नाताळ कशाचा, हे शेजारी बसणाऱ्याबद्दल माहीत असलंच पाहिजे, आणि 2002 मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सांगितलंय की धर्मांची माहिती देणं वेगळं आणि धार्मिक शिक्षण देणं वेगळं. 1948 मध्ये घटना समितीत बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता, की सगळ्यांच्या करातून गोळा झालेला पैसा एका समाजाच्या धर्मासाठी वापरायचा नाही. त्यातूनच कलम 28 आलं. पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत, म्हणजे महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत, धार्मिक शिक्षण नाहीच.

आता तुमच्या पुतणीची शाळा. ती अल्पसंख्याक संस्थेची असणार, कलम 30 खाली त्यांना शाळा चालवायचा हक्क आहे. मुंबईतल्या बऱ्याच कॉन्व्हेंटमध्ये असं असतं की कॅथलिक मुलांना कॅटेकिझम, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षण, आणि त्याच वेळी बाकीच्यांना दुसऱ्या वर्गात मॉरल सायन्स, उत्क्रांती मात्र तिथे पण शिकवतातच, पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्येच म्हटलं होतं की उत्क्रांती हे आता नुसतं गृहीतक राहिलेलं नाही. पण शाळा मान्यताप्राप्त असेल किंवा ग्रँट घेत असेल तर पालकांच्या संमतीशिवाय मुलीला धर्माच्या तासाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही, हे कलम 28 मध्येच आहे. शिक्षकांचं पण तेच, नाशिकच्या एका शिक्षकांनी प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वाढीव वेतनश्रेणी अडवली होती, 2013 मध्ये मुंबई हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

तेव्हा पुतणीला बायबलच्या पिरियडला बसवत असतील आणि तुमच्या भावाला ते नको असेल तर मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या, आमची संमती नाही, तिला मॉरल सायन्सला बसवा, एवढंच. अर्जाची पोच घ्या, शिक्का मारून. पंधरा दिवसात काही झालं नाही तर तीच प्रत जोडून तुमच्या विभागाच्या शिक्षण निरीक्षक कार्यालयात द्या. आणि हाच हक्क तुमच्या शेजारच्या मुसलमान, बौद्ध, जैन मुलाला तुमच्या आवडीच्या शाळेत पण आहे.