निर्वात कक्षातील अवकाश दुर्बीण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : अवकाश दुर्बीण उड्डाणापूर्वी हवा काढलेल्या, म्हणजे निर्वात कक्षात थंड करून तपासतात. त्याऐवजी ती मोठ्या शीतगृहात ठेवून तपासली, तर चालणार नाही का?

उत्तर : नाही. शीतगृहातील हवा उष्णता वाहून नेते; निर्वातात मात्र जोडलेल्या भागांतून होणारे वहन आणि पृष्ठभागांवरून होणारे प्रारण (उष्णता किरणांच्या रूपात बाहेर पडणे) एवढेच मार्ग उरतात, त्यामुळे हवेत व्यवस्थित चालणारे इलेक्ट्रॉनिक्स तेथे तापत जाऊ शकते. म्हणून कक्षातील हवा काढून त्याची आतली आवरणे द्रव नायट्रोजनने, आणि अतिशीत दुर्बिणींसाठी थंड हेलियम वायूनेही, गार केली जातात.

प्रश्न : जेम्स वेब दुर्बिणीच्या चाचणीला सुमारे १०० दिवस का लागले?

उत्तर : ही चाचणी २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या जॉन्सन अवकाश केंद्रात, अपोलो मोहिमांसाठी बांधलेल्या कक्षात झाली. दुर्बिणीला उणे २३० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यायचे होते. पण प्रारण हे निरपेक्ष तापमानाच्या (उणे २७३ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या शून्यापासून मोजलेल्या तापमानाच्या) चौथ्या घाताने घटत असल्याने वस्तू जितकी थंड, तितके तिचे पुढचे थंड होणे मंद. शिवाय घाई केली, तर वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावणाऱ्या भागांच्या सांध्यांवर ताण येतो. गोंद, रंग आणि संमिश्र पदार्थांतून सुटणारी वाफ सर्वांत थंड पृष्ठभागावर गोठते. तो पृष्ठभाग आरसा असू नये, यासाठी थंड करण्याचा आणि पुन्हा तापवण्याचा क्रम काटेकोरपणे पाळावा लागतो. आरशाच्या १८ खंडांची जुळणी तपासणे जितके महत्त्वाचे, तितकेच थंड करण्याचे आणि तापवण्याचे हे आठवडेही, असे माझे ठाम मत आहे. त्या ऑगस्टमध्ये हार्वी चक्रीवादळाने शहर पाण्याखाली गेले, तरी चाचणी थांबली नाही.

प्रश्न : थंडीत आरशाचा आकार बदलत नाही का?

उत्तर : बदलतो. म्हणूनच वेबचे बेरिलियम या धातूचे आरसे आधी अतिशीत अवस्थेत मोजले गेले आणि तेथे दिसलेल्या विकृतीच्या उलट आकार त्यांना सामान्य तापमानात घासून दिला गेला.

प्रश्न : चाचणी यशस्वी झाली, म्हणजे पूर्ण खात्री झाली का?

उत्तर : नाही. कक्षात गुरुत्वाकर्षण कायम असते. वेबचे उलगडलेले सूर्यकवच (दुर्बिणीवर सूर्याची उष्णता येऊ न देणारा पडदा) टेनिसच्या मैदानाएवढे असल्याने संपूर्ण वेधशाळा एकत्र तपासता आली नाही. भाग वेगळे तपासून, मिळालेल्या मोजमापांनी संगणकीय औष्णिक प्रारूप (दुर्बिणीत उष्णता कशी वाहील याचे संगणकावरील गणित) पारखून घेतले गेले. या प्रारूपाची पारख हेच मला अशा चाचणीचे मुख्य फलित वाटते. बाष्पाचा प्रश्नही उड्डाणानंतर उरतोच : जुलै २०२३ मध्ये झेपावलेल्या युक्लिड दुर्बिणीच्या प्रकाशमार्गात पाण्याचा अतिशय पातळ बर्फ जमला आणि मार्च २०२४ मध्ये एक आरसा तापवून तो काढावा लागला.