फास्ट हार्ड डिस्क नंतर बघू, आधी जुनीतला डेटा बाहेर काढा

एका वाचकाचं पत्र आलंय, थोडक्यात असं: "मी घरून फोटो आणि छोटे व्हिडिओ एडिट करून देतो. डेस्कटॉप सात वर्षं जुना, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, सगळं काम तिच्यावरच असतं. चालू व्हायला तीन मिनिटं लागतात. विक्रेता म्हणतो १०,००० आरपीएमच्या (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या फिरणाऱ्या) दोन फास्ट डिस्क रेड झिरोमध्ये जोडून देतो, स्पीड डबल होईल आणि दोन डिस्क असल्यामुळे डेटाही सेफ राहील. वर तीन वर्षांचा डेटा सुरक्षा प्लॅन. माझी महिन्याची कमाई १०० धरली तर हे सगळं ६० ला पडतं, किंवा ६ चे १२ हप्ते. टोकन म्हणून ५ देऊन ठेवलेत. बचत खात्यात २०० आहेत पण त्याला हात लावायचा नाही. काम फास्ट झालं की कमाई २५ टक्के तरी वाढेल असं वाटतं, कारण मागच्या महिन्यात दोन आठवडे कामच नव्हतं. सध्या तीन ग्राहकांचं काम हातात आहे, ४० अ‍ॅडव्हान्स घेतलाय. घेऊ का? ता.क. डिस्कमधून अधूनमधून टकटक आवाज येतो, पण रीस्टार्ट केलं की थांबतो."

नमस्कार. तुमच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे आणि त्याची कारणं खाली देतोच, पण तुम्ही ता.क. मध्ये जे लिहिलंय ते पत्राच्या पहिल्या ओळीत असायला हवं होतं. टकटक करणारी हार्ड डिस्क म्हणजे आतला हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) नीट जागेवर जात नाहीये आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतोय. रीस्टार्टनंतर आवाज थांबला म्हणजे डिस्क बरी झाली असं नाही. ती उद्या बंद पडेल की सहा महिन्यांनी हे कोणी सांगू शकत नाही, पण तुमची अख्खी कमाई तिच्यावर आहे आणि दुसरी कॉपी कुठेही नाही, निदान पत्रात तरी मला ती कुठे दिसली नाही.

म्हणून हे वाचून झालं की आजच एक बाहेरून लावायची डिस्क आणा आणि आधी त्या तीन ग्राहकांच्या फाइल्स कॉपी करा, मग जुनी पूर्ण झालेली कामं, मग बाकीचं. एकदम सगळी डिस्क कॉपी करायला लावू नका, कारण मध्येच डिस्क गेली तर कामाचं मागे राहील आणि सिनेमे तेवढे वाचतील. आणि कोणीतरी सांगेल की आधी स्कॅन करून डिस्क दुरुस्त करून घे, किंवा डिफ्रॅग कर (विखुरलेले तुकडे सलग लावून घे), ते अजिबात करू नका, मरायला टेकलेल्या डिस्कला तासन्‌तास राबवलं की उरलंसुरलंही जातं. कॉपी करताना आवाज वाढला किंवा डिस्क दिसेनाशी झाली तर मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे न्या. तिथे खर्च मोठा असतो आणि परत मिळेलच याची हमी नसते, म्हणूनच ती वेळ येऊ द्यायची नाही.

आता हे मी आर्थिक सल्ल्यात का सांगतोय? कारण तुमच्याकडची सगळ्यात महाग वस्तू तो डेस्कटॉप नाहीये, त्याच्यातल्या फाइल्स आहेत. डिस्क गेली तर ४० अ‍ॅडव्हान्स परत करायचा, तिन्ही कामं नव्याने करायची (मूळ फुटेज ग्राहकाकडे असेल तर, नसेल तर तेही नाही), म्हणजे साधारण एका महिन्याची कमाई तिथेच गेली, आणि ते ग्राहक परत येणार नाहीत ते वेगळंच. हिशेब धरा की नुकसान १५० च्या घरात. ते टाळायला लागते ती बाहेरची डिस्क, तुम्ही सोबत पाठवलेल्या कोटेशनमध्येच ४ टीबीची १० ला आहे. १५० ची जोखीम १० मध्ये मिटतेय आणि तुम्ही ६० दुसरीकडे घालायला निघालाय, हे मला पटणारं नाही.

आणि ज्याच्यावर मला खरंच राग आला ती गोष्ट म्हणजे रेड झिरो विकताना "दोन डिस्क म्हणून सेफ" हे सांगणं. हे साफ चुकीचं आहे. रेड झिरोमध्ये प्रत्येक फाइलचे तुकडे होऊन अर्धे एका डिस्कवर आणि अर्धे दुसरीवर जातात, त्यामुळे दोनपैकी कुठलीही एक गेली की दोन्हींवरचा डेटा गेला. समजा एका डिस्कची वर्षभरात बिघडण्याची शक्यता ३ टक्के असेल तर इथे ती जवळपास ६ होते. दोन्हीकडे सारखाच डेटा ठेवणारा प्रकार म्हणजे रेड वन, आणि तोही बॅकअप नाही, कारण चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून एकाच वेळी जाते. तो सुरक्षा प्लॅनही मी वाचला, तुम्ही पाठवलेल्या पत्रकात "डेटा मिळवण्याचा एकदा प्रयत्न केला जाईल" असं लिहिलंय. प्रयत्न केला जाईल! म्हणजे मिळेल असं कुठेच नाही. डिस्कच्या वॉरंटीचंही तेच, बिघडली तर नवी मिळते पण ती रिकामी असते.

हप्त्यांकडे या. ६० चं सामान, १२ वेळा ६ म्हणजे ७२, वर १२ जातात, म्हणजे २० टक्के असं तुम्ही धरलं असेल. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, सरासरी साधारण अर्धंच वापरायला मिळतं, त्यामुळे खरा दर महिन्याला २.९ च्या आसपास, वर्षाला ३५ टक्क्यांच्या घरात जातो. बचत खात्यातल्या २०० वर तुम्हाला किती मिळतंय ते बघा आणि शेजारी ३५ लिहा. स्वतःचे पैसे किरकोळ व्याजावर पडून ठेवायचे आणि दुसऱ्याचे ३५ टक्क्यांनी घ्यायचे हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

बरं आता तुमचा मूळ प्रश्न. हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी, हेडने योग्य जागी जायचं आणि मग हवा तो भाग फिरून खाली येईपर्यंत थांबायचं. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, एक फेरी ८.३ मिलिसेकंद, सरासरी अर्धी फेरी थांबलं तर ४.२, त्यात हेड हलवायचे ८-९, एकूण १३ च्या आसपास, म्हणजे विखुरलेल्या लहान फाइल्स वाचताना सेकंदाला जेमतेम ७५ वेळा. १०,००० ला थांबणं ३ मिलिसेकंद आणि हेडही चपळ, तर साधारण १४० वेळा. दुप्पट झालं असं वाटतं ना? एसएसडी म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतंच, तिथे हा आकडा हजारोंमध्ये जातो. विंडोज सुरू होणं, प्रोग्राम उघडणं, शेकडो फोटोंचे थंबनेल दिसणं हे सगळं असंच लहान लहान वाचन असतं, तुमची तीन मिनिटं त्यातच जातायत. आणि दोन डिस्क जोडल्याने हेडचा हा थांबण्याचा वेळ कमी होत नाही, फायदा होतो तो मोठी फाइल सलग वाचताना.

शिवाय १०,००० आरपीएम ही डेस्कटॉपसाठी मागे पडलेली गोष्ट आहे. वेस्टर्न डिजिटलने २००३ मध्ये रॅप्टर आणली तेव्हा ३६ जीबीला लोक हौसेने पैसे मोजायचे आणि तेव्हा ते बरोबरही होतं, दुसरा पर्यायच नव्हता. नंतर वेलोसिरॅप्टर आली, २०१२ पर्यंत ती १ टीबीला पोचली आणि पुढे बंद झाली. आज डेस्कटॉपसाठी म्हणून जी मिळेल ती जुन्या साठ्यातली किंवा वापरलेली असणार, किंवा सर्व्हरमधली, आणि सर्व्हरची बहुतेक एसएएस जोडणीची असते, ती साध्या मदरबोर्डच्या साटा पोर्टला (घरगुती डिस्क जोडायची नेहमीची जागा) चालतच नाही, वेगळं कार्ड लागतं. विक्रेत्याला हे दोन प्रश्न विचारा, डिस्क कुठल्या वर्षाची आणि कनेक्टर कुठला. आजची साधी मोठी ७२०० ची डिस्कही सलग वाचनात त्या जुन्या फास्ट डिस्कच्या बरोबरीने जाते.

तुमच्याच कोटेशनमध्ये १ टीबी एसएसडी ९ ला आणि रॅम वाढवायला ५ लागतात असं दिसतंय. ते दोन्ही घ्या. ८ जीबीवर एडिटिंग करताना रॅम संपते आणि मशीन डिस्कलाच रॅमसारखं वापरायला लागतं, हा अर्धा त्रास तिथूनही येत असेल. एसएसडी साटाची पुरे, सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास देते. मदरबोर्डवर एनव्हीएमईची (जास्त वेगाच्या एसएसडीची) जागा असेल आणि किमतीत फरक नसेल तर ती घ्या, पण ७००० एमबीचा आकडा बघून जास्त पैसे घालू नका, रोजच्या कामात तो फरक हाताला फारसा लागत नाही. एसएसडी लिहून लिहून झिजते ही भीतीही सोडा, १ टीबीच्या बऱ्याच मॉडेलना ६०० टीबी लिहिण्याची हमी असते, रोज ५० जीबी लिहिलं तरी तीस वर्षांच्या वर जातात.

कमाई २५ टक्के वाढण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, ती वाढणार नाही. व्हिडिओ एक्सपोर्टचा वेळ मुख्यतः प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डात जातो. एसएसडीने रोजची वीस मिनिटं वाचली असं धरू, महिन्याला २५ दिवस, म्हणजे आठ तास, म्हणजे एका दिवसाचं काम, कमाईत ४. तेही काम रांगेत उभं असेल तर. तुम्हीच लिहिलंय की दोन आठवडे काम नव्हतं, मग अडचण वेगाची नाहीये, ग्राहकांची आहे, आणि ती कुठलीही डिस्क सोडवत नाही. एसएसडी घ्या ती रोजची चिडचिड कमी व्हावी म्हणून.

एकूण खर्च १०, ९ आणि ५ मिळून २४, तो बचतीतून रोख द्या. खात्यात १७६ राहतात, ही अडीअडचणीची रक्कम आहे आणि तुमच्या अनियमित कमाईला ती लागते हे मला मान्य आहे, म्हणून जो ६ चा हप्ता भरायची तुमची तयारी होती तोच चार महिने खात्यात भरा, २०० परत पूर्ण होतात. पुढचे आठ महिनेही तो तसाच चालू ठेवलात तर ४८ वर पडतात.

बाहेरची डिस्क कामापुरती लावा आणि काढून ठेवा, सतत जोडलेली असली तर रॅन्समवेअर (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) तिच्यावरच्या फाइल्सही लॉक करतं. तिसरी कॉपी घराबाहेर हवी, क्लाऊडवर चालेल, पण १ टीबी एकदम चढवायला जाऊ नका, १० एमबीपीएसच्या (सेकंदाला १० मेगाबिट) अपलोडला नऊ दिवस सलग लागतील, फक्त चालू कामं चढवा.

टोकनचे ५ परत मागू नका, एसएसडी आणि रॅमच्या बिलात वळते करून मागा, ते विक्रेत्यालाही सोपं जातं. नाही म्हणाला तर ते ५ सोडून द्या, ते वाचवायला ६० घालू नका. जुनी डिस्क डेटा निघाल्यावर एसएसडीच्या शेजारी स्टोरेज म्हणून लावून ठेवायची नाही, विकायचीही नाही, ग्राहकांच्या फाइल्स तिच्यात आहेत.