सीट मागे घ्यायची का नाही?

प्रश्न: ताई, पुण्याहून दिल्लीला विमानानं जाताना आम्ही जेवत होतो तेवढ्यात पुढच्यानं सीट धाडकन मागे टाकली, चहा सांडता सांडता वाचला. बोलावं का गप बसावं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: बोलावंच, पण गोडीत, "दादा, जेवण होईस्तोवर सीट सरळ कराल का" एवढं पुरतं, नाहीच ऐकलं तर केबिन क्रूला सांगा, मागनं ढकलाढकली नको. बटण दिलंय म्हणजे मागे घ्यायची मुभा आहेच, पण इकॉनॉमीत सीट ते सीट अंतर साधारण २८ ते ३१ इंच, त्यात मागच्याचे गुडघे, म्हणून आधी वळून बघायचं आणि हळू घ्यायची. टेकऑफ-लँडिंगला तर सरळच लागते, आणीबाणीत मागच्याला पटकन बाहेर पडता यावं म्हणून. रात्रीच्या लांब प्रवासात मात्र पुढच्याला निवांत झोपू द्या.