एसजीओटी पेशीत दोन ठिकाणी असतं, मग रिपोर्टवर एकच आकडा का?

तुम्ही विचारलंय की तुर्भ्याच्या लॅबमध्ये डीएमएलटीचं (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाचं) ट्रेनिंग चालू आहे, पुस्तक म्हणतं एसजीओटीचे (यकृताच्या तपासणीत मोजतात ते एन्झाइम, म्हणजेच एएसटी) दोन प्रकार, एक पेशीद्रवात आणि एक मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागात), पण मशीन एकच आकडा देतं. मग हा फरक नुसता परीक्षेपुरता का?

मशीन एन्झाइम मोजत नाही, त्याचं काम मोजतं. दोन्ही प्रकार अ‍ॅस्पार्टेटपासून ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट बनवतात. त्याचं मॅलेट होताना रिएजंटमधलं एनएडीएच हे रसायन खर्च होतं. ते 340 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं, म्हणून तिथलं वाचन घसरत जातं. काम कोणत्या प्रकाराने केलं, हे मशीनला कळायला मार्गच नाही.

प्रथिनं मात्र वेगळी. पेशीद्रवातल्याचं जनुक 10व्या गुणसूत्रावर, मायटोकॉन्ड्रियातल्याचं 16व्या. हे दुसरंही तयार होतं पेशीद्रवातच. सुरुवातीला 29 अमिनो आम्लांचा जादा तुकडा असतो, त्याच्यामुळे ते मायटोकॉन्ड्रियात ओढलं जातं आणि आत गेल्यावर तो तुकडा कापला जातो.

यकृताच्या पेशीतलं सुमारे 80 टक्के एसजीओटी मायटोकॉन्ड्रियात असतं. तरी निरोगी माणसाच्या रक्तात सापडतं ते बहुतेक पेशीद्रवातलं, कारण ते पेशीच्या आवरणातून सहज गळतं. आतलं यायला मायटोकॉन्ड्रियालाही इजा व्हावी लागते. दारूने नेमकं तेच होतं, म्हणून तिथे एसजीओटी एसजीपीटीच्या (यकृताचं दुसरं एन्झाइम, एएलटी) दुपटीवर जातं. त्यात अशा पेशंटला बी6 जीवनसत्त्व कमी असतं आणि त्याचा फटका एसजीपीटीला जास्त बसतो. तुमच्या रिएजंटमध्ये पायरिडॉक्सल फॉस्फेट (बी6चंच कामाचं रूप) आहे का, हे किटच्या पत्रकात बघून ठेवा. नसेल तर अशा पेशंटचे आकडे खरे आहेत त्यापेक्षा कमी येतात.

वेगळं मोजता येतं. आधी एकूण मोजायचं, मग पेशीद्रवातल्या प्रकाराला अडवणारी अँटिबॉडी घालून पुन्हा. उरलं ते मायटोकॉन्ड्रियातलं. एसजीओटीसाठी रोजच्या कामात हे कोणी करत नाही, पण हीच युक्ती तुम्ही सीके-एमबीला (सीके या स्नायूंतल्या एन्झाइमचा हृदयाशी जोडला जाणारा प्रकार, एक एम आणि एक बी साखळी असलेला) वापरणार आहात, आणि गडबड तिथेच होते. अँटिबॉडी एम साखळी बंद पाडते, उरलेलं काम बी साखळीचं धरून मशीन त्याची दुप्पट करतं. रक्तात मायटोकॉन्ड्रियातलं सीके किंवा मॅक्रो-सीके (सीकेचा मोठा गठ्ठा) असेल तर अँटिबॉडी त्याला हातही लावत नाही, आणि तेही दुप्पट होतं. मग एकूण सीके 90 आणि एमबी 120 असा रिपोर्ट निघतो. भाग पूर्णापेक्षा मोठा! असा आकडा सोडू नका. ट्रोपोनिन (हृदयाच्या इजेची दुसरी तपासणी) बघायला सांगा.

आणि एसजीओटी वाढलं की लगेच यकृताकडे बोट दाखवू नका. आधी सीरम (गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा द्रव) डोळ्यांनी बघा. सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवलेली ट्यूब घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तीन-चार तास अडकली की तांबड्या पेशी फुटतात, सीरम गुलाबी दिसतं. त्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नसतोच, म्हणजे तिथून आलेलं एसजीओटी सगळं पेशीद्रवातलं. सोबत एलडीएच (तांबड्या पेशींतही असलेलं आणखी एक एन्झाइम) आणि पोटॅशियम चढलेलं असेल तर नमुना परत मागवा. कलेक्शन सेंटरला सांगून ठेवा: रक्त गोठू द्या, साधारण अर्धा तास, मग तिथेच सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळं पाठवा. एलडीएचचं सीरम फ्रिजमध्ये मात्र नको, त्याचा यकृतातला प्रकार, एलडी-5, थंडीत निकामी होतो.